सुटलेल्या झेलाच्या पलीकडचे ताम्हाणे

परभणीला शाळेत असताना मी यष्टिरक्षण करीत असे. मॅटवर झालेल्या एका आंतरशालेय सामन्यात शेवटच्या जोडीचा एक सोपा झेल माझ्या हातून सुटला आणि सामना गेला. त्याच सामन्यात मी दोघांना यष्टिचीत केले होते, हे आज माझ्याखेरीज कुणाला आठवत नाही. झेलाची गोष्ट मात्र गावातली जुनी मंडळी भेटली की हमखास निघते. नरेन ताम्हाणे हे नाव मला जवळचे वाटते ते यामुळेच.

ताम्हाण्यांचा विषय निघाला की आपल्याकडे कानपूरचा किस्सा सांगितला जातो. डिसेंबर १९५८. ग्रीन पार्कवर वेस्ट इंडिजविरुद्धचा दुसरा कसोटी सामना. लेगस्पिनर सुभाष गुप्ते यांनी १०२ धावांत ९ बळी घेतले. पाहुण्यांचा डाव २२२ धावांत आटोपला. उरलेला एक बळी लान्स गिब्जचा. तो गेला पुण्याच्या वसंत रांजणे यांच्याकडे, त्यांच्या पहिल्याच कसोटीत. पण त्याआधी गुप्त्यांच्या गोलंदाजीवर गिब्जचा झेल उडाला होता आणि तो ताम्हाण्यांच्या हातून सुटला होता. दोनच वर्षांपूर्वी, १९५६ मध्ये, जिम लेकरने मँचेस्टरला एका डावात दहाही बळी घेतले होते. भारताला तो मान मिळायला १९९९ साल उजाडावे लागले. अनिल कुंबळेने दिल्लीत ते केले आणि लोकांना पुन्हा कानपूरचा झेल आठवला.

असो. आता त्या झेलाच्या पलीकडचे ताम्हाणे पाहू.

४ ऑगस्ट १९३१ रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. जानेवारी १९५५ मध्ये पाकिस्तानच्या दौऱ्यात ढाक्याला ते पहिली कसोटी खेळले. पाचही सामने अनिर्णित राहिलेल्या त्या कंटाळवाण्या मालिकेत या नवख्या यष्टिरक्षकाने १९ बळी टिपले. पुढे १९६०-६१ च्या मोसमापर्यंत २१ कसोटींत त्यांचे एकूण बळी झाले ५१. त्यांत ३५ झेल आणि १६ यष्टिचीत. फलंदाजी बेताचीच, धावा अवघ्या २२५. म्हणजे संघात त्यांची जागा होती ती केवळ ग्लोव्हजच्या जोरावर.

यातला १६ हा आकडा नीट पाहावा. जवळजवळ दर तीन बळींमागे एक यष्टिचीत! वेगवान गोलंदाजांसमोर मागे उभे राहून झेल टिपणाऱ्याच्या नावावर असे प्रमाण येत नाही. यष्टींना खेटून उभे राहायचे, चेंडू फलंदाजाच्या अंगाआड दिसेनासा होतो तेवढ्यात तो कुठे वळणार हे ताडायचे आणि क्षणार्धात बेल्स उडवायच्या. त्यातून गोलंदाज गुप्ते, ज्यांची गुगली भल्याभल्या फलंदाजांना कळत नसे. फलंदाजाला चकवणारा चेंडू यष्टिरक्षकालाही चकवू शकतो. फलंदाज चकला की गोलंदाजाची वाहवा होते, यष्टिरक्षक चकला की त्याची चूक मोजली जाते. चांगला अडवलेला चेंडू मात्र धावफलकावर कुठेच लिहिला जात नाही.

नियतीचा खेळही पाहा. बरोबर एका वर्षाने, डिसेंबर १९५९ मध्ये, त्याच ग्रीन पार्कवर ताम्हाणे पुन्हा यष्टींमागे उभे होते. समोर ऑस्ट्रेलिया. या वेळी ऑफस्पिनर जसू पटेल यांनी एका डावात ६९ धावांत ९ बळी घेतले आणि भारताने ऑस्ट्रेलियाला कसोटीत प्रथमच हरवले. फिरकी गोलंदाजाने सामना जिंकून दिला, तेव्हा त्याच्या समोर यष्टींमागे हेच हात होते. पण कानपूर म्हटले की ताम्हाण्यांच्या वाट्याला १९५८ येते, १९५९ येत नाही.

खेळणे थांबल्यावर त्यांनी निवडकर्त्याचे काम पाहिले. १९८९ मध्ये सोळा वर्षांच्या सचिन तेंडुलकरला पाकिस्तान दौऱ्यासाठी निवडणाऱ्या समितीत ते होते. अवघड कसोटीला इतक्या कोवळ्या मुलाला पाठवायचे म्हणजे उद्या तो चुकला तर बोल निवडणाऱ्यांना लागणार. चुकीचा बोल आयुष्यभर ऐकलेल्या माणसाने ती जोखीम पत्करली, याचे मला अधिक मोल वाटते.

१९ मार्च २००२ रोजी ताम्हाणे मुंबईत गेले. त्याच वर्षी ३१ मे रोजी सुभाष गुप्तेही दूर त्रिनिदादमध्ये गेले. गुप्त्यांच्या नावावर ३६ कसोटींत १४९ बळी आहेत. तो झेल घेतला गेला असता तर दीडशे भरले असते, असा हिशेब कुणीही मांडील. मांडावा. फक्त त्या १४९ मध्ये किती फलंदाजांना ताम्हाण्यांनी यष्टींमागे टिपले, तोही आकडा त्याच वहीत मांडावा, म्हणजे हिशेब पुरा होईल.