ल्यू शाओची : समितीने घडविलेला, समितीनेच नाकारलेला राष्ट्राध्यक्ष

चीनच्या कम्युनिस्ट पक्षात दोन महाधिवेशनांच्या मधल्या काळात सर्वोच्च अधिकार मध्यवर्ती समितीकडे असतो, असे पक्षाची घटना सांगते. पॉलिट ब्युरोही तीच निवडते. या समितीच्या सदस्यत्वाला किती मोल असते आणि ते एका रात्रीत कसे कवडीमोल होऊ शकते, हे ल्यू शाओची यांच्या आयुष्यातून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसेल.

ल्यू यांचा जन्म १८९८ साली हुनान प्रांतातील निंगशियांग येथे झाला. १९२१ मध्ये ते शिक्षणासाठी मॉस्कोला गेले आणि त्याच वर्षी पक्षात दाखल झाले. मायदेशी परतल्यावर १९२२ मध्ये आनयुआनच्या कोळसा खाणीतील कामगारांच्या संपाचे नेतृत्व त्यांनी केले. त्या संपाच्या यशाने कामगार संघटक म्हणून त्यांचे नाव झाले. १९२७ च्या पाचव्या महाधिवेशनात ते मध्यवर्ती समितीवर निवडून आले. भाषणबाजीपेक्षा संघटनेची शिस्त, बैठका, ठराव आणि नियम यांवर त्यांचा भर असे. १९३९ मध्ये येनान येथे चांगला कम्युनिस्ट कसा असावा या विषयावर त्यांनी दिलेली व्याख्याने पुढे लक्षावधी कार्यकर्त्यांनी अभ्यासली.

१९४५ च्या सातव्या महाधिवेशनात पक्षघटनेच्या दुरुस्तीचा अहवाल त्यांनीच मांडला. माओंच्या विचारांना पक्षाचे मार्गदर्शक तत्त्व म्हणून घटनेत स्थान देण्यात ल्यू यांचा वाटा मोठा होता. एका व्यक्तीला समितीच्या वर नेऊन बसविण्याच्या कामी त्यांनी आपली लेखणी अशी खर्ची घातली. १९५९ मध्ये लुशानच्या अधिवेशनात संरक्षणमंत्री पेंग द-ह्वाई यांनी माओंच्या धोरणातील चुका दाखविल्या. तेव्हा समितीने त्यांना दोषी ठरविले, आणि ल्यूही माओंच्याच बाजूला उभे राहिले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले होते. माओंचे वारसदार म्हणून देश त्यांच्याकडे पाहत होता.

भीषण दुष्काळाने मात्र त्यांची दृष्टी बदलली. १९६१ मध्ये ते आपल्या हुनान प्रांतात ४४ दिवस फिरले. उपासमारीने उद्ध्वस्त झालेली खेडी त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. १९६२ च्या आरंभी पक्षाच्या सुमारे सात हजार पदाधिकाऱ्यांच्या परिषदेत त्यांनी या संकटाला निसर्गापेक्षा माणसांच्या चुका अधिक जबाबदार असल्याचे सूचित केले. ही गोष्ट माओ विसरले नाहीत.

१९६६ च्या ऑगस्टमध्ये, सांस्कृतिक क्रांतीच्या प्रारंभी, मध्यवर्ती समितीच्या अकराव्या पूर्ण अधिवेशनात ल्यू यांचे पक्षातील स्थान दुसऱ्यावरून आठव्या क्रमांकावर घसरले. पुढच्या वर्षी त्यांच्या निवासाच्या आवारातच त्यांची जाहीर विटंबना झाली. पत्नी वांग ग्वांगमेई यांना तुरुंगात टाकण्यात आले. दरम्यान एक विशेष चौकशी गट जुन्या सहकाऱ्यांकडून दबावाखाली जबाब गोळा करीत होता.

ऑक्टोबर १९६८ मध्ये बारावे पूर्ण अधिवेशन भरले. १९५६ साली निवडलेल्या समितीत ९७ पूर्ण सदस्य होते. त्यांतील काहींचे निधन झाले होते, आणि कित्येक कैदेत किंवा बदनामीच्या छायेत होते. सभागृहात अवघे ४० पूर्ण सदस्य आले. गणसंख्येसाठी १० पर्यायी सदस्यांना बढती देण्यात आली, तेव्हा कुठे आकडा ५० वर, म्हणजे निम्म्याच्या जेमतेम पुढे गेला. उपस्थित १३३ जणांपैकी निम्म्याहून अधिक लोक समितीचे सदस्यच नव्हते. अशा सभेने ल्यू यांना फितूर, छुपे देशद्रोही आणि संपफोडे ठरवून पक्षातून कायमचे काढले. आनयुआनच्या संपाच्या पुढाऱ्यावर शेवटी संप फोडल्याचा शिक्का बसला. राष्ट्राध्यक्षाला पदच्युत करण्याचा अधिकार देशाच्या घटनेने लोकप्रतिनिधींच्या राष्ट्रीय काँग्रेसला दिला होता. ती बोलावलीच गेली नाही.

हात वर झाले तेव्हा एका सदस्येचा हात खालीच राहिला. त्या होत्या चेन शाओमिन, युद्धकाळात सैन्यात नेतृत्व केलेल्या आणि नंतर कामगार संघटनेत काम केलेल्या जुन्या कार्यकर्त्या. त्यांच्या एका मताने निकाल बदलला नाही. तरी तो ठराव एकमताने झाला असे म्हणण्याची सोय इतिहासाला उरली नाही.

ऑक्टोबर १९६९ मध्ये आजारी ल्यू यांना खाइफेंग शहरात हलविण्यात आले. १२ नोव्हेंबरला त्यांचे तेथे निधन झाले. दहनाच्या नोंदीत त्यांचे खरे नाव नव्हते आणि व्यवसाय म्हणून बेरोजगार असे लिहिले होते. ही वार्ता जनतेपासून अनेक वर्षे लपवून ठेवण्यात आली.

फेब्रुवारी १९८० मध्ये नव्या मध्यवर्ती समितीने जुना ठराव रद्द करून त्यांना निर्दोष ठरविले. मे महिन्यातील शोकसभेत डेंग झियाओपिंग यांनी श्रद्धांजली वाहिली आणि ल्यू यांच्या इच्छेनुसार त्यांच्या अस्थी समुद्रात विसर्जित झाल्या. वांग ग्वांगमेई तोवर सुटल्या होत्या. चेन शाओमिन यांना मात्र हा दिवस पाहता आला नाही; त्या १९७७ मध्येच वारल्या होत्या.

ल्यू यांनी आयुष्यभर ज्या नियमांवर विश्वास ठेवला, त्याच नियमांची चौकट वापरून त्यांना संपविण्यात आले. समितीचे सदस्य कोण, हे ठरविण्याची मुभा एकाच माणसाच्या हाती गेली, तिथेच त्यांचे भवितव्य ठरले होते. आणि ती मुभा देणाऱ्यांत ल्यू स्वतःही होते.