डॉ. विल्यम कोली : तापात औषध शोधणारे शल्यवैद्य

रोग्याला मुद्दाम दुसरा रोग देऊन पहिला बरा करावा, असे कोणी म्हटले तर आपण त्याला वेड्यात काढू. न्यूयॉर्कच्या एका शल्यवैद्यांनी हेच केले व जन्मभर टीका सोसली. आज कर्करोगावर लस शोधणारे शास्त्रज्ञ त्यांनाच आपले आद्य पुरुष मानतात.

विल्यम ब्रॅडली कोली यांचा जन्म १२ जानेवारी १८६२ रोजी अमेरिकेतील कनेटिकट राज्यात झाला. १८८८ साली ते हार्वर्ड येथून डॉक्टर झाले. १८९० मध्ये १७ वर्षांची एक मुलगी त्यांच्याकडे आली. तिच्या हाताला कर्करोग झाला होता. हात कोपराखाली कापला, तरी रोग अंगभर पसरला आणि १८९१ च्या जानेवारीत ती वारली. तरुण डॉक्टरांच्या मनाला हा मृत्यू फार लागला.

त्यांनी इस्पितळाची जुनी दप्तरे चाळली. मानेवर गाठ असलेल्या एका जर्मन रोग्याची नोंद त्यांत सापडली. त्याला विसर्प, म्हणजे कातडी लाल होऊन सुजण्याचा जंतुजन्य रोग झाला, जोराचा ताप आला आणि गाठ नाहीशी झाली. कोलींनी गरीब वस्तीत दारोदार फिरून त्याला शोधून काढले. तो धडधाकट होता!

१८९१ सालीच त्यांनी एका इटालियन रोग्याला विसर्पाचे जिवंत जंतू टोचले. अखेर मोठा ताप चढला, गाठ विरघळली आणि तो सुमारे आठ वर्षे जगला. पण जिवंत जंतूंनी काही रोगी दगावलेही. म्हणून कोलींनी मारलेल्या जंतूंची लस तयार केली. १८९३ मध्ये पोटात मोठी गाठ असलेल्या १६ वर्षांच्या मुलाला ती दिली. तो पुढे २६ वर्षे जगला.

तरीही वैद्यकजगताचा विश्वास बसला नाही. लस प्रत्येक ठिकाणी वेगळ्या ताकदीची बनत असे. गुण कोणाला येई, कोणाला नाही. आणि का, हे कोलींना सांगता येत नव्हते. त्यातच क्ष-किरणांचे उपचार आले व लस मागे पडली. १६ एप्रिल १९३६ रोजी कोली वारले.

त्यांची कन्या हेलन डॉक्टर नव्हती. पण वडिलांचे कागद वाचून तिने सुमारे एक हजार रोग्यांच्या नोंदी जमवल्या आणि १९५३ मध्ये कर्करोग संशोधनाची संस्था उभारली.

कोलींना न उलगडलेले कोडे आता बरेचसे सुटले आहे. रक्तातील पांढऱ्या पेशी शरीराच्या शिपायांसारख्या असतात. कर्करोग त्यांना फसवतो, सुस्त करतो. त्यांना जागे करणे हेच लसीचे काम. पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या वाढलेल्या कर्करोगावर २०१० साली अमेरिकेत अशा एका लसीला मान्यता मिळाली. रोग्याच्याच रक्तातील पेशी काढतात, त्यांना प्रोस्टेटच्या एका प्रथिनाची ओळख करून देतात व परत शरीरात सोडतात. साधारण दोन आठवड्यांच्या अंतराने असे तीनदा करतात. ५१२ रोग्यांच्या चाचणीत आयुष्य सरासरी चार महिन्यांनी वाढले.

चार महिने थोडेच. रोग समूळ जात नाही, हेही खरे. पण शरीराच्या शिपायांना जागवता येते, एवढे यातून सिद्ध झाले. एका मुलीच्या मृत्यूने बेचैन झालेल्या डॉक्टरांनी त्या वाटेवर पहिले पाऊल टाकले, आणि त्यांच्या मुलीने ती वाट बुजू दिली नाही.