कविवर बनारसीदास : निश्चयाच्या शोधातील एक गृहस्थ

समयसार नाटकाचे कर्ते कविवर बनारसीदास यांचे नाव स्वाध्यायप्रेमी बंधू-भगिनींना परिचित आहेच. परंतु त्या ग्रंथापर्यंत ते कोणत्या वाटेने पोहोचले, हे फारसे सांगितले जात नाही.

त्यांचा जन्म विक्रम संवत १६४३ मध्ये जौनपूर येथे श्रीमाळ कुळात झाला. पिता खरगसेन जवाहिऱ्याचा व्यापार करीत. घराणे श्वेतांबर खरतरगच्छाचे. तारुण्यात कविवर व्यापार सोडून प्रेमप्रकरणांत रमले आणि त्यांनी हजार छंदांचा एक शृंगारप्रधान ग्रंथ रचला. पुढे एका साधूने दिलेला लहानसा शंख ते सदाशिव म्हणून नित्य पूजू लागले. इ.स. १६०५ मध्ये अकबर बादशहाच्या निधनाची वार्ता ऐकताच ते जिन्यावरून कोसळले व त्यांचे डोके फुटले. संकटसमयी सदाशिव धावून आला नाही, या विचाराने ती पूजा सुटली. तो शृंगारग्रंथही त्यांनी मित्रांदेखत गोमतीत टाकला आणि श्रावकाचे नित्यनियम आरंभिले.

खरे वळण आले ते संवत १६८० मध्ये. अरथमल ढोर या अध्यात्मप्रेमी गृहस्थाने त्यांच्या हाती राजमल्लांची समयसारावरील टीका दिली. आत्मा शुद्धच आहे, मग पूजा, सामायिक, प्रतिक्रमण कशासाठी, असे त्यांना वाटू लागले. क्रिया सुटल्या, पण आत्म्याचा रस काही लाभला नाही. देवापुढील नैवेद्यही ते खाऊ लागले. तिघा मित्रांसह कोठडीत नग्न होऊन, आपण मुनी झालो, असे म्हणत फिरण्यापर्यंत मजल गेली! लोकांनी निंदा केली. ती सर्वस्वी अन्यायाची होती असे म्हणवत नाही, आणि कविवरांनी स्वतःही तसे म्हटलेले नाही.

ही अवस्था सुमारे बारा वर्षे टिकली. संवत १६९२ मध्ये पंडित रूपचंद आग्र्यास आले व तिहुना साहूंच्या मंदिरात त्यांनी गोम्मटसाराचे विवेचन केले. ज्या गुणस्थानी जीव आहे, त्यास अनुरूप क्रिया असते, हे ऐकून कविवरांची शंका फिटली. निश्चय व व्यवहार यांचा मेळ बसला. पुढच्याच वर्षी समयसार नाटक पूर्ण झाले. कुळाने दिलेला गच्छ मागे पडला होता, पण त्याविषयी त्यांच्या लेखनात कटुता नाही.

संसारात मात्र दुःखच पदरी आले. तीन विवाह झाले. सात पुत्र व दोन कन्या, अशी नऊही अपत्ये त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. संवत १६९८ मध्ये त्यांनी अर्धकथानक लिहिले. मनुष्याचे आयुष्य एकशे दहा वर्षांचे धरून ही आपली अर्धी कथा, असा त्या नावाचा अर्थ. उरलेली अर्धी लिहिण्याइतके आयुष्य त्यांना लाभले नाही. ग्रंथाच्या अखेरीस त्यांनी आपले गुण सांगितले, तसे दोषही सांगितले आहेत : लक्ष्मीचा मोह अजून सुटलेला नाही, जप-तपाची आवड नाही, अकस्मात भय वाटते, आणि एकांत मिळाला की आपण नाचू लागतो.