चौकातला तिसरा इशारा : गॅरेट मॉर्गन

जयंतीच्या व्याख्यानांतून आम्ही अनेक वर्षे छातीठोकपणे सांगत आलो की, चौकातला ट्रॅफिक सिग्नल एका कृष्णवर्णीय माणसाने शोधून काढला. टाळ्याही मिळाल्या. गेल्या खेपेला व्याख्यान संपल्यावर इंजिनिअरिंगला शिकणारा एक मुलगा जवळ आला आणि सिग्नल त्याच्या आधीपासून होते, हे त्याने आम्हाला अदबीने सांगितले. आम्ही वकिली पेशातले. आमचीच साक्ष उलटतपासणीत अशी पडावी? घरी येऊन आम्ही मॉर्गनच्या पेटंटचा मूळ दस्तऐवज काढून वाचला.

मुलाचे म्हणणे खरे होते. लंडनला पार्लमेंटसमोर 1868 च्या डिसेंबरातच गॅसच्या दिव्यांचा सिग्नल उभा राहिला होता. महिनाभरात त्याचा स्फोट होऊन तो चालवणारा पोलीस जखमी झाला. खुद्द मॉर्गनच्या क्लीव्हलँड शहरात 5 ऑगस्ट 1914 रोजी विजेचे लाल-हिरवे दिवे लागले होते. पिवळा दिवा डेट्रॉईटच्या विल्यम पॉट्स या पोलीस अधिकाऱ्याने 1920 साली आणला. मॉर्गनचे पेटंट 20 नोव्हेंबर 1923 चे. मग या माणसाचे मोठेपण कमी झाले काय? मुळीच नाही! उलट पूर्ण वाचल्यावर आम्हाला तो अधिक मोठा वाटू लागला.

गॅरेट मॉर्गनचा जन्म 4 मार्च 1877 रोजी अमेरिकेतील केंटकी राज्यात पॅरिस गावाच्या काळ्यांच्या वस्तीत झाला. आई एकेकाळची गुलाम. शाळा प्राथमिक इयत्तांपर्यंतच. किशोरवयात तो सिनसिनाटीला गेला, पडेल ते काम केले आणि मिळालेल्या मजुरीतून शिकवणी लावून घेतली. पोटाला चिमटा काढून शिकणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. 1895 साली तो क्लीव्हलँडला आला आणि कापडाच्या एका कारखान्यात झाडू मारू लागला. झाडू मारता मारता शिलाई मशीनचे पोट उघडून पाहू लागला. 1907 साली शिलाई मशीन दुरुस्तीचे स्वतःचे दुकान, दोन वर्षांनी शिवणकामाचा कारखाना. पुढे केस सरळ करण्याच्या मलमाचा धंदा करून त्याने पैसा कमावला.

त्याचे खरे काम पुढचे. धुरात शिरणाऱ्या अग्निशामकांसाठी त्याने एक टोप केला, त्याचे पेटंट 1914 चे. रचना साधी होती. धूर आणि उष्णता वर चढतात, जमिनीलगत हवा त्यातल्या त्यात बरी असते. म्हणून टोपाला लांब नळ्या लावून त्यांची टोके खाली जमिनीजवळ सोडली आणि आत ओला स्पंज ठेवला. टोप उत्तम, पण दक्षिणेतली शहरे काळ्याच्या हातची वस्तू घेणार कशी? मॉर्गनने एक गोरा माणूस संशोधक म्हणून पुढे उभा केला आणि स्वतः आदिवासी इंडियनाचा वेष घेऊन धुराने भरलेल्या तंबूत शिरून टोप वापरून दाखवला. आपलेच डोके, आणि आपणच सोंगात! आडनाव बदलून शहरात खोली मिळवणाऱ्या आपल्या माणसांना हे सोंग ओळखीचे वाटेल.

24 जुलै 1916 च्या रात्री ईरी सरोवराच्या तळाखाली पाणीपुरवठ्याच्या बोगद्यात वायूचा स्फोट झाला. मजूर अडकले. त्यांना सोडवायला गेलेलेही आतच पडले. पहाटे मॉर्गनला निरोप आला. तो भाऊ फ्रँकला घेऊन, अंगावरच्या झोपण्याच्या कपड्यांनिशी निघाला आणि टोप चढवून बोगद्यात उतरला. त्यांनी जिवंत माणसे बाहेर आणली, प्रेतेही आणली. शौर्यपदके मात्र इतरांना मिळाली. मॉर्गनने महापौरांना पत्र लिहून जाब विचारला. वर्तमानपत्रांतून टोपाचा कर्ता काळा असल्याचे उघड होताच दक्षिणेतल्या काही शहरांनी मागणी रद्द केली. जीव वाचवणाऱ्या वस्तूचाही विटाळ!

1920 साली त्याने क्लीव्हलँडमध्ये काळ्यांसाठी वृत्तपत्र सुरू केले. त्याच वर्षी जानेवारीत इकडे बाबासाहेबांचा मूकनायक निघाला होता. दोघांचा परस्परांशी काही संबंध नव्हता, पण ज्यांच्या बातम्या कोणी छापत नाही त्यांना स्वतःचा छापखाना लागतो, हे दोन्हीकडे कळलेले होते.

आता सिग्नल. त्या काळी बहुतेक चौकांतले हाताने फिरवायचे खांब दोनच गोष्टी सांगत, थांबा आणि जा. पाटी फिरली रे फिरली की एका बाजूची गाडी निघायची, दुसऱ्या बाजूची अजून चौकाच्या मधोमध असायची. मोटारी, घोडागाड्या, सायकली, पायी चालणारे, सारे एकाच रस्त्यावर. मॉर्गनचा खांब इंग्रजी टी अक्षरासारखा, हाताने दांडा फिरवून चालवायचा, त्याला हलणारे हात. त्यात एक तिसरी स्थिती होती. हात वर झाले की चारही बाजूंची वाहने थांबायची. चौक रिकामा होईपर्यंत आणि पायी माणूस ओलांडेपर्यंत कोणीच पुढे सरकायचे नाही. रात्री रहदारी नसताना हात अर्धे ठेवायचे, म्हणजे सावकाश, बघून जा. दिव्यांचा जमाना आला आणि हा हाताचा खांब मागे पडला. पण आजच्या एलईडी सिग्नलच्या पेटीतही एक बाजू लाल झाल्यावर दुसरी हिरवी होण्याआधी क्षणभर चारही बाजू लाल ठेवण्याची सोय असते. ते काही सेकंद नीट ठेवले नाहीत तर काय होते, हे अपघाताच्या दाव्यांत आम्ही पाहतो. मरणारा बहुधा पायी चालणारा असतो, भरपाईसाठी वर्षे मोजणारी त्याची बायको असते.

मॉर्गन 1931 साली नगरपरिषदेच्या निवडणुकीला अपक्ष उभा राहिला आणि पडला. उतारवयात काचबिंदूने त्याची दृष्टी बहुतांश गेली. 27 जुलै 1963 रोजी तो वारला, तेव्हा काळ्यांचा वॉशिंग्टनवरचा मोर्चा महिन्यावर आला होता. ज्या पाणीपुरवठ्याच्या बोगद्यात तो उतरला, त्याच क्लीव्हलँडच्या एका जलशुद्धीकरण केंद्राला आज त्याचे नाव आहे.