दुकानदार सॅम आणि आमचे काजूचे बॉक्स

थर्ड इयरला आम्हाला सेमिनार असतो. विषय रोल नंबरप्रमाणे वाटले गेले. माझ्या शेजारच्याला रोबोटिक्स, रूम पार्टनरला सौर ऊर्जा आणि माझ्या वाट्याला काय, तर ‘रिटेल उद्योगात इलेक्ट्रॉनिक सप्लाय चेन मॅनेजमेंटची भूमिका’! विषय ऐकूनच झोप आली. त्यात सर म्हणाले की तुझ्या घरी किराणा दुकान आहे ना, मग तुला सोपं जाईल. सगळा वर्ग हसला. मीही हसलो, पण मनाला जरा लागलंच.

आमचं दुकान तालुक्याच्या गावी, बसस्टँडच्या मागे. मी बारावीत होतो तेव्हाची दिवाळी मी विसरू शकत नाही. आदल्या वर्षी सुक्यामेव्याचे गिफ्ट बॉक्स दोन दिवसांत संपले होते आणि गिऱ्हाईक परत गेलं होतं. म्हणून त्या वर्षी बाबांनी दुप्पट माल भरला. पेठेतल्या बाकीच्या दुकानदारांनीही नेमकं तेच केलं होतं. माल अडकला. होलसेलर परत घेईना. होळीपर्यंत आम्ही घरी काजू खात होतो आणि माझ्या क्लासच्या फीचा दुसरा हप्ता त्या बॉक्समध्ये बसला होता. बाबा काही बोलले नाहीत, पण रात्री उशिरापर्यंत वही उघडून बसायचे. तेव्हापासून दुकान हा विषय मी टाळतच आलो होतो.

सेमिनारसाठी लायब्ररीत बसलो तर जे पुस्तक उघडावं त्यात एकच नाव, वॉलमार्ट! आणि वॉलमार्टच्या मागे एक माणूस, सॅम वॉल्टन. मला वाटलं, हा कुणी कॉम्प्युटरमधला किडा असणार. निघाला चक्क दुकानदार! मग मात्र झोप उडाली. स्लाइड्स बाजूला राहिल्या आणि मी त्याचं आयुष्यच वाचत सुटलो. तेच आज तुम्हाला सांगतो.

सॅमचा जन्म २९ मार्च १९१८ चा, अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या किंगफिशर गावचा. (हॉस्टेलकरांनी या नावावर हसू नये!) तो अकरा वर्षांचा असताना महामंदी आली. शेतीवरची कर्जं थकलेल्या लोकांच्या जमिनी ताब्यात घेणं हे त्याच्या वडिलांचं काम होतं. पैसा कसा जातो आणि घर कसं बसतं, हे त्या पोराने लहानपणीच पाहिलं. स्वतः गाईची धार काढायची, दूध विकायचं, पेपर टाकायचे, असं करत तो मोठा झाला. १९४० मध्ये मिसुरी विद्यापीठातून अर्थशास्त्राची पदवी घेतली आणि जे. सी. पेनी या कंपनीच्या दुकानात महिना ७५ डॉलरवर लागला.

इथली एक गंमत ऐका. माल विकण्यात सॅम पटाईत, पण बिलं लिहिण्यात एकदम ढ! अक्षर गिचमिड, आणि गिऱ्हाईकाला ताटकळत ठेवून कागद भरत बसणं त्याला जमायचंच नाही. वरचे साहेब वैतागायचे. ज्या माणसाने पुढे विकलेल्या एकेका वस्तूची नोंद ठेवणारी यंत्रणा उभी केली, त्याची सुरुवात ही अशी.

दुसऱ्या महायुद्धात तो सैन्यात होता. १९४५ मध्ये परत आल्यावर आर्कान्सा राज्यातल्या न्यूपोर्ट गावी त्याने ‘बेन फ्रँकलिन’ या साखळीतलं एक दुकान २५ हजार डॉलरला घेतलं. त्यातले २० हजार सासऱ्यांकडून उसने! नियम असा की किमान ८० टक्के माल साखळीच्या मालकांकडूनच घ्यायचा. ते भाव जास्त लावायचे. सॅम मग दुकान बंद करून गाडीला ट्रेलर जोडायचा आणि रात्री दुसऱ्या राज्यात जाऊन स्वस्त माल घेऊन यायचा.

याच काळात त्याला त्याच्या धंद्याचं मुख्य गणित सापडलं. बायकांच्या आतल्या कपड्यांचा डझन साखळीकडून अडीच डॉलरला मिळायचा आणि दुकानदार एका डॉलरला तीन नग विकायचे. न्यूयॉर्कच्या एका माणसाकडे तोच डझन दोन डॉलरला होता. सॅमने तीनऐवजी चार नग एका डॉलरला लावले. हिशोब करून बघा, डझनामागे नफा दीड डॉलरवरून एक डॉलरवर आला. पण खप इतका वाढला की एकूण कमाई कितीतरी जास्त झाली.

पाच वर्षांत दुकानाची विक्री वर्षाला ७२ हजार डॉलरवरून अडीच लाखांवर गेली आणि तिथेच घात झाला. जागेच्या करारात मुदतवाढीचं कलमच नव्हतं. जागामालकाला ते चालतं दुकान आपल्या मुलासाठी हवं होतं. त्याने मुदत वाढवायला नकार दिला. १९५० मध्ये बायको आणि चार मुलांसह सॅमला गाव सोडावं लागलं. चूक त्याचीच होती, कागद नीट वाचला नव्हता. पण रडत न बसता त्याने जेमतेम तीन हजार वस्तीच्या बेंटनव्हिल गावात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

एकाची दोन, दोनाची चार अशी दुकानं वाढत गेली. ती लांबलांबच्या गावांत होती, म्हणून सॅमने १८५० डॉलरला एक जुनं छोटं विमान घेतलं आणि स्वतः चालवायला लागला! विमान खाली आणून तिरकं करायचा, रस्ते कुठून जातात, वस्ती कुठे वाढते ते बघायचा आणि नवीन दुकानाची जागा ठरवायचा. दुकानात गेला की पिवळ्या कागदांच्या पॅडवर टिपणं घ्यायचा. प्रतिस्पर्ध्याच्या दुकानातही खुशाल टेपरेकॉर्डर घेऊन भाव बोलून ठेवायचा.

२ जुलै १९६२ रोजी रॉजर्स या गावी पहिलं वॉलमार्ट उघडलं. त्याच वर्षी केमार्ट आणि टार्गेट या दोन साखळ्याही सुरू झाल्या. त्यांच्यामागे मोठ्या जुन्या कंपन्यांचा पैसा होता आणि त्यांची दुकानं मोठ्या शहरांत होती. सॅमची खेड्यात. तिथे माल पोचवायला कुठलाच होलसेलर उत्सुक नसायचा. आज पाठवतो, उद्या पाठवतो... आपल्याकडच्या दुकानदारांना हे सांगायला नकोच!

आणि इथेच आपला सेमिनारचा विषय सुरू होतो. कुणी माल आणून देत नाही ना, मग आपणच आणू, असं सॅमने ठरवलं. १९७० मध्ये बेंटनव्हिलला स्वतःचं मोठं वितरण केंद्र झालं. पुढची दुकानंही अशी उघडायची, की गोडाऊनमधून निघालेला ट्रक एका दिवसात पोचला पाहिजे. म्हणजे नकाशा आधी ट्रकचा आणि मग दुकानाचा. हळूहळू ‘क्रॉस डॉकिंग’ची पद्धत बसली. एका दारातून कारखान्याचा माल येतो, लगेच दुकानवार वेगळा होतो आणि दुसऱ्या दारातून ४८ तासांच्या आत बाहेर पडतो. गोडाऊन म्हणजे माल साठवायची जागा नाही, माल वळवायची जागा. आपल्या एस.टी. स्टँडसारखं म्हणा, गाडी बदलायची आणि पुढे जायचं, मुक्काम करायचा नाही.

पण कुठल्या दुकानाला काय पाहिजे, हे कळणार कसं? एका माणसाने विमानातून किती फिरावं? सॅमला हे फार आधी जाणवलं होतं. १९६६ मध्ये, विसेक दुकानं असतानाच, तो न्यूयॉर्क राज्यात आयबीएमच्या कॉम्प्युटरच्या वर्गात जाऊन बसला होता. हेतू हा की तिथे एखादा हुशार माणूस हेरावा आणि आपल्याकडे आणावा. स्वतः मात्र तो मुलखाचा कंजूष! जुना पिकअप ट्रक चालवायचा, दौऱ्यावर गेला की सहकाऱ्यांसकट एकेका खोलीत दाटीवाटीने राहायचा. कॉम्प्युटरचा खर्च निघाला की वाद घालायचा, हजार शंका काढायचा. त्याची माणसं पुन्हा आकडे मांडायची आणि शेवटी तो पैसे द्यायचा.

१९८० च्या दशकात दुकानांत बारकोड स्कॅनर आले. बारकोड लावलेली पहिली वस्तू, च्युइंगमचं एक पाकीट, २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातल्या एका सुपरमार्केटमध्ये स्कॅन झाली होती. पण गल्ल्यावर गोळा झालेली माहिती मुख्य ऑफिसला टेलिफोनच्या तारांवरून पाठवायची तर तारा तुंबायच्या. मग डेव्हिड ग्लास आणि जॅक श्यूमेकर या सहकाऱ्यांनी सॅमला चक्क उपग्रहासाठी राजी केलं. खर्च सुमारे २ कोटी ४० लाख डॉलर! १९८७ मध्ये हे जाळं पूर्ण झालं. अमेरिकेतलं ते सर्वांत मोठं खाजगी उपग्रह जाळं होतं. गल्ल्यावर काय विकलं गेलं ते आता बेंटनव्हिलला लगोलग दिसू लागलं. जे काम सॅमचं विमान आणि पिवळं पॅड करायचं, तेच काम, फक्त हजारपट.

त्याच वर्षी दुसरी मोठी गोष्ट घडली, तीही नदीत! प्रॉक्टर अँड गॅम्बल ही साबण, डायपर बनवणारी बडी कंपनी. दोन्ही कंपन्यांमध्ये भावावरून कायम ओढाताण. त्यांचे विक्रीचे साहेब लू प्रिचेट आणि सॅम एका मित्राच्या ओळखीने छोट्या होडीतून सहलीला गेले. बोलता बोलता लक्षात आलं की आपण एकमेकांचे सर्वांत मोठे भागीदार आहोत आणि एकमेकांना माहिती मात्र काहीच देत नाही. मग ठरलं, की विक्रीचे आकडे कारखान्याला दाखवायचे आणि त्यानुसार माल त्यांनीच पाठवायचा. १९९१ पासून ‘रिटेल लिंक’ या यंत्रणेतून इतर पुरवठादारांनाही आपापल्या मालाची विक्री दिसू लागली.

याचा फायदा काय? तर इंडस्ट्रियलच्या पेपरात येणारा ‘बुलव्हिप इफेक्ट’. आसूड हातात थोडासाच हलतो, पण टोकाला जोरात फटकारतो. बाळं रोज साधारण तेवढेच डायपर वापरतात. पण दुकानदार थोडा जादा माल मागवतो, होलसेलर त्यावर आणखी जादा, आणि कारखान्यापर्यंत मागणीचा डोंगर होतो. प्रॉक्टर अँड गॅम्बलच्याच लोकांनी हे डायपरच्या बाबतीत बघितलं आणि त्याला हे नाव दिलं. हा भाग वाचताना मी पुस्तक मिटून बसलो. आमचे काजूचे बॉक्स डोळ्यांसमोर आले. बाबा चुकले नव्हते. गिऱ्हाईकाला किती हवंय आणि शेजारच्या दहा दुकानांत किती माल आहे, हे त्यांना कळायला मार्गच नव्हता. अंदाजाने माल भरावा लागतो तिथे आसूड कुणाच्या तरी पाठीवर बसतोच.

१९९० मध्ये वॉलमार्टने केमार्टला मागे टाकलं आणि ती अमेरिकेतली पहिल्या क्रमांकाची रिटेल कंपनी झाली.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी दुकानदाराचा मुलगा कसला! वॉलमार्ट ज्या छोट्या गावांत गेलं तिथली अनेक जुनी दुकानं बंद पडली. बाजारपेठा ओस पडल्या. कामगारांचे कमी पगार आणि युनियनला विरोध यावरून सॅमवर खूप टीका झाली. त्याचं म्हणणं असं, की निवड गिऱ्हाईकाने केली, मी नाही. हे मला अर्धंच पटतं. ज्याला स्वतःला एकदा चालतं दुकान सोडून गावाबाहेर जावं लागलं होतं, त्याच्यामुळे पुढे कितीजणांना शटर ओढावं लागलं, हा हिशोब कुठल्याच उपग्रहावर नव्हता.

१९८२ मध्ये त्याला रक्ताचा कॅन्सर झाला. त्यातून तो सावरला, पण १९९० मध्ये हाडांच्या मज्जेच्या कॅन्सरने गाठलं. १७ मार्च १९९२ रोजी राष्ट्राध्यक्ष बुश यांनी बेंटनव्हिलला येऊन त्याला देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान दिला. ५ एप्रिलला तो गेला. त्याच्या मुलाने लिहून ठेवलंय, की जाण्याच्या काही दिवस आधी घरच्यांनी जवळच्या वॉलमार्टच्या मॅनेजरला मुद्दाम बोलावलं होतं. कशासाठी? तर त्या आठवड्याच्या विक्रीचे आकडे सांगायला. वर्षाला ४० अब्ज डॉलरच्या पुढे धंदा करणाऱ्या कंपनीचा मालक, आणि शेवटी आवडीने काय ऐकलं, तर एका दुकानात काय खपलं ते!

सेमिनार झाला. प्रश्नही बरे विचारले सरांनी. त्यानंतर सुट्टीत घरी गेलो आणि पहिल्यांदाच स्वतःहून दुकानात बसलो. बाबांच्या दहा वर्षांच्या वह्या काढल्या. कुठल्या सणाला काय किती विकलं गेलं, काय परत आलं, सगळं त्यात होतं, फक्त कुणी बेरीज केली नव्हती. चार दिवस बसून ते एक्सेलमध्ये घातलं. गणपतीच्या गुळाचा आणि दिवाळीच्या रव्याचा आकडा दरवर्षी किती जवळजवळ येतो ते बघून बाबाच चकित झाले. मग पेठेतल्या तीन दुकानदारांशी बोलून त्यांनी ठरवलंय, की यंदा गिफ्ट बॉक्सची ऑर्डर एकत्र द्यायची आणि कमी पडले तर एकमेकांना द्यायचे. आमची सप्लाय चेन एवढीच, चार दुकानांची.

एवढ्याने दुकान टिकेल का? माहीत नाही. २०१८ मध्ये वॉलमार्टने सुमारे १६ अब्ज डॉलर मोजून फ्लिपकार्टचे ७७ टक्के शेअर्स घेतले. म्हणजे सॅम आता आमच्या गल्लीतही पोचलाय, पार्सलच्या रूपाने. मला नोकरी लागली की दुकान बंद करू, असं बाबा कधीकधी म्हणतात. मी अजून हो म्हटलेलं नाही. आधी यंदाच्या दिवाळीचे आकडे बघायचेत.