निरोपांची साखळी

मुलांनो, एखाद्या घराला आग लागली आणि विहीर दूर असली, तर लोक काय करतात? विहिरीपासून घरापर्यंत रांग लावतात. पाण्याची बादली हातोहात पुढे जाते. एकट्याला न जमणारे काम सर्वांच्या हातांनी होते. निरोपही असाच दूरवर पोचवता येतो, हे हिराम पर्सी मॅक्सिम यांनी दाखवून दिले.

मॅक्सिम यांचा जन्म २ सप्टेंबर १८६९ रोजी अमेरिकेतील ब्रुकलिन येथे झाला. त्यांचे वडील मशीनगनचे संशोधक म्हणून प्रसिद्ध होते. मुलगाही हुशार होता. सतरा वर्षे पूर्ण होण्याआधीच तो पदवीधर झाला. पुढे मॅक्सिम हार्टफर्ड शहरात मोटारगाड्या तयार करू लागले. बंदुकीचा आवाज कमी करणारे साधनही त्यांनी शोधून काढले.

त्या काळी रेडिओ नवा होता. काही लोक हौस म्हणून घरीच रेडिओयंत्र बसवत. बिंदू आणि रेषा यांच्या खुणांनी ते एकमेकांना निरोप पाठवत. मॅक्सिम यांनाही हा छंद लागला.

१९१४ च्या एप्रिल महिन्यातील गोष्ट. मॅक्सिम यांना स्प्रिंगफील्ड गावी निरोप पाठवायचा होता. ते गाव जेमतेम ४० किलोमीटर दूर होते. त्यांचे यंत्र चांगले होते, तरी निरोप पोचेना. तेव्हा त्यांना वाटेतल्या एका हौशी मित्राची आठवण झाली. मित्राने निरोप ऐकला आणि पुढे पाठवला. निरोप पोचला!

एक मित्र मध्ये उभा राहिला, तर ४० किलोमीटरचे अंतर सरते. मग शेकडो मित्र उभे राहिले तर? मॅक्सिम यांनी क्लॅरेन्स टस्का या तरुणाच्या मदतीने त्याच वर्षी हौशी लोकांची संघटना स्थापन केली. गावोगावचे लोक तिच्यात आले. १९१७ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कहून निघालेला निरोप हातोहात लॉस एंजेलिसला गेला. दीड तासाच्या आत त्याचे उत्तरही परत आले!

पण दोनच महिन्यांनी अमेरिका महायुद्धात उतरली. सर्व हौशी केंद्रे बंद करण्याचा हुकूम निघाला. युद्ध संपले, तरी बंदी उठेना. सारा रेडिओ नौदलाच्या ताब्यात देण्याचा कायदा येऊ घातला होता. साखळी कायमची तुटणार, असे वाटू लागले. मॅक्सिम स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी संसदेच्या समितीपुढे आपली बाजू मांडली. सभासदांनीही पत्रे पाठवली. तो कायदा झाला नाही. १९१९ मध्ये केंद्रे पुन्हा सुरू झाली.

१९२५ मध्ये पॅरिस येथे अनेक देशांच्या हौशी लोकांची संघटना झाली. मॅक्सिम तिचे पहिले अध्यक्ष होते. १७ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या केंद्राचे सांकेतिक नाव त्यांच्या संघटनेच्या केंद्राला देण्यात आले. आजही ते त्याच नावाने ओळखले जाते.

मॅक्सिम यांची साखळी पुढेही वाढत गेली. १९७८ मध्ये कॅनडातील माँट्रियलच्या हौशी लोकांनी संगणकावरील मजकूर रेडिओने पाठवला. पुढे अशी केंद्रे इंटरनेटला जोडली गेली. जिथे टेलिफोनची तार नाही, तिथूनही पत्र जाऊ लागले. भर समुद्रातील बोटीलाही ते मिळू लागले. डिसेंबर २००४ मध्ये अंदमानात त्सुनामी आली, तेव्हा हौशी रेडिओवाल्यांनीच लोकांची खुशाली त्यांच्या नातेवाइकांना कळवली. या कामाचे ते पैसे घेत नाहीत.

मुलांनो, दुसऱ्याचा निरोप पुढे पोचवणे हे काम लहान वाटते. पण वाट पाहणाऱ्या आईला विचारा, ते किती मोठे आहे!

स्वाध्याय
१. स्प्रिंगफील्डला निरोप कसा पोचला?
२. युद्धानंतर हौशी लोकांपुढे कोणते संकट आले?
३. तुम्ही कोणाचा निरोप पोचवला आहे का? पाच वाक्ये लिहा.