कारागिरांचे गुरुजी : जॉन लॉकवुड किपलिंग

बेळगावच्या कॅम्पात वाढणाऱ्या आम्हांस इंग्रजी घाटाच्या खुर्च्या, मेजे व कपाटे अपरिचित नाहीत. अशा सामानास देशी सुतारांच्या पारंपरिक नक्षीने किती शोभा येते, हे ज्या शिक्षकाने राजवाड्यापर्यंत दाखवून दिले, त्याचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहो.

जॉन लॉकवुड किपलिंग ह्यांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजी इंग्लंडात यॉर्कशर परगण्यातील पिकरिंग येथे झाला. तरुणपणी चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात काम करून पुढे ते मूर्तिकार झाले आणि १८६५ मध्ये मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत शिक्षक म्हणून आले. त्याच वर्षी मुंबईत जन्मलेला त्यांचा पुत्र रुडयार्ड पुढे थोर लेखक म्हणून प्रसिद्धीस आला. आज महात्मा फुले मंडई म्हणून ओळखल्या जाणाऱ्या क्रॉफर्ड मंडईच्या दारांवरील उठावाची शिल्पे लॉकवुड ह्यांचीच होत.

१८७५ मध्ये ते लाहोरच्या मेयो कलाशाळेचे प्रमुख झाले. यंत्रावर निघालेल्या स्वस्त विलायती मालामुळे त्या काळी हातकारागिरांच्या पोटावर पाय येत होता. विलायती नमुने गिरवीत बसल्याने हा धंदा तगणार नाही, हे किपलिंग ह्यांनी ओळखले. त्यांनी विद्यार्थ्यांस जुन्या घरांची कोरीव दारे व सज्जे न्याहाळून रेखाटावयास लावले आणि तीच नक्षी नव्या सामानावर उतरविण्यास शिकविले.

सुतारांच्या कुळात जन्मलेले भाई रामसिंग हे त्यांचे पट्टशिष्य. राणी व्हिक्टोरियाचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट ह्यांच्या बॅगशॉट येथील वाड्यासाठी ह्या गुरुशिष्यांच्या देखरेखीखाली कोरीव लाकडी तक्ते लाहोरास घडले व इंग्लंडास गेले. पुढे खुद्द राणीच्या ऑस्बोर्न वाड्यातील दरबार दालन रामसिंगांनी सजविले. कालांतराने ते मेयो कलाशाळेचे प्रमुखही झाले.

किपलिंग १८९३ मध्ये मायदेशी परतले व १९११ मध्ये निवर्तले. त्यांच्या प्रयत्नांचे फळ बव्हंशी राज्यकर्त्यांच्या महालांत गेले आणि पटाशी चालविणाऱ्या कित्येक हातांची नावे मागे उरली नाहीत, ह्याची खंत वाटल्यावाचून राहत नाही. तरीही शिष्याच्या घरची विद्या त्याची त्यास ओळखून देणारा हा गुरू आम्हांस वंदनीय वाटतो. विद्यार्थिमित्रांनो, आपल्या आजोळच्या जुन्या चौकटीवर एखादे कोरीव कमळ असेल, तर ते एकवार निरखून कागदावर उतरवा!